विश्लेषण : डोंगरमाथ्यावर सहा जणांचे लग्न शक्य आहे, पण आधी पायथ्याशी काय करावे लागते?

तुळशीचे लग्न आटोपले की विदर्भात लग्नसराई सुरू होते. सभागृह, केटरिंग, डीजे, फोटो-व्हिडिओ आणि हजार पानांची पंगत असा बेत ठरतो. लग्न दोन दिवसांत उरकते. त्यासाठी काढलेले कर्ज मात्र पुढची कित्येक वर्षे फिटत नाही. त्यामुळे ‘चार माणसांत, एखाद्या डोंगरावर लग्न करू’ असे एखाद्या जोडप्याने ठरवले, तर त्याला खूळ म्हणून हसण्यात अर्थ नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत डोंगर आहेत, जंगल आहे, गडांचे माथे आहेत. प्रश्न आहे तो क्रमाचा. बहुतेक जण आधी जागा ठरवतात, मग फोटोग्राफर आणि सर्वांत शेवटी कायदा. हा क्रम उलटा केला तरच असे लग्न टिकते आणि कोणाला त्रासही होत नाही.

‘इलोपमेंट’ म्हणजे पळून जाणेच का?

मूळ इंग्रजी शब्दाचा अर्थ घरच्यांना न सांगता पळून जाऊन लग्न करणे असाच आहे. अलीकडे अमेरिका-युरोपात तो मोजक्या माणसांच्या, निसर्गात होणाऱ्या लग्नासाठी वापरला जातो. त्यात पळून जाणे नसते, घरच्यांचा विरोधही असतोच असे नाही. फोटोग्राफरपासून तंबूपर्यंत सगळ्याची पॅकेजेस मिळतात. समाजमाध्यमांवरून ही कल्पना आपल्याकडेही पोहोचली आहे.

या प्रकाराचे सर्वांत उंचावरचे उदाहरण शेजारच्या नेपाळमधले आहे. ३० मे २००५ रोजी पेम दोर्जी शेर्पा आणि मोना मुलेपती यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर लग्न केले. शेर्पा आणि नेवार अशा दोन वेगळ्या समाजांतले हे जोडपे. ऑक्सिजनचे मुखवटे काही मिनिटे बाजूला सारून त्यांनी हार घातले. बेत त्यांनी आधी गुप्त ठेवला होता.

मराठीत मात्र ‘पळून जाऊन लग्न’ म्हटले की आजही जात, धर्म, धाक आणि पोलीस ठाणे आठवते. म्हणून आपल्याकडे डोंगरावर लग्न करू पाहणारी जोडपी दोन प्रकारची असतात. एकाला हौस असते, दुसऱ्याकडे दुसरा मार्ग नसतो. दोघांसाठी नियम एकच आहेत, धोका मात्र सारखा नाही.

छोटे लग्न ही परदेशी कल्पना आहे का?

अजिबात नाही. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाने पहिले लग्न लावले ते २५ डिसेंबर १८७३ रोजी. भटजीविना, कमी खर्चात आणि वधूवरांनी एकमेकांना वचन देऊन लग्न होऊ शकते, हे महाराष्ट्राने दीडशे वर्षांपूर्वीच पाहिले आहे.

गडचिरोलीतील गोंड आणि माडिया समाजांत तर मुलामुलीने एकमेकांना पसंत करून सोबत राहायला सुरुवात करणे आणि पुढे ऐपत झाली की गावाला जेवण देऊन त्यावर समाजाची मान्यता घेणे, ही ओळखीची गोष्ट आहे. कित्येक जोडप्यांना त्या जेवणाचा खर्चच परवडत नाही. मुले मोठी होतात, तरी आईवडिलांचे लग्न ‘व्हायचे’ राहिलेले असते. अशा जोडप्यांसाठी स्वयंसेवी संस्था आणि गडचिरोली पोलीस यांनी सामूहिक विवाह सोहळे घेतले आहेत. थोडक्यात, लग्न लहान असणे ही इथे नवलाई नाही. लहान लग्नाला मान आणि कागद दोन्ही मिळणे, हे अजून अवघड आहे.

कायद्याने लग्न कार्यालयाबाहेर लागते का?

लागते. विशेष विवाह कायदा, १९५४ चे कलम १२ सांगते की विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात किंवा तिथून वाजवी अंतरावर, जोडप्याच्या पसंतीच्या दुसऱ्या जागी लग्न लावता येते. त्यासाठी ठरलेले जादा शुल्क आणि अटी असतात. विधी कोणताही चालतो किंवा कोणताच नसला तरी चालते. अट एवढीच की विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदारांसमोर दोघांनी एकमेकांना ‘मी तुझा कायदेशीर पती किंवा पत्नी म्हणून स्वीकार करतो/करते’ या अर्थाचे शब्द उच्चारले पाहिजेत.

म्हणजे कायद्याच्या हिशेबात सर्वांत लहान लग्न सहा जणांचे असते. नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि अधिकारी. ते शब्द दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत चालतात. मराठीत, झाडीबोलीत, गोंडीत किंवा माडियातही. ही मुभा सत्तर वर्षांपासून कायद्यात आहे, पण तिची माहिती फार थोड्यांना असते.

अर्थात ‘वाजवी अंतर’ म्हणजे किती, हे अधिकारी ठरवणार. दोन तास चढून जायच्या गडमाथ्यावर अधिकारी येतील, ही अपेक्षा धरू नये. पायथ्याच्या गावातली शाळा किंवा ग्रामपंचायतीचे अंगण ही विनंती करण्याजोगी जागा आहे. तीही मान्य झाली नाही, तर लग्न कार्यालयात लावायचे आणि हार घालायला माथ्यावर जायचे. त्याने लग्नाची किंमत कमी होत नाही.

तयारी कधीपासून करावी लागते?

इथे बहुतेकांचे गणित चुकते. या कायद्यानुसार दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य केलेले असले पाहिजे. त्यानंतर विवाह अधिकाऱ्याला नोटीस द्यायची. नोटिशीनंतर आक्षेपांसाठी ३० दिवस थांबायचे. आणि नोटिशीच्या तारखेपासून तीन महिन्यांत लग्न लावायचे, नाही तर नोटीस बाद होते.

उदाहरणार्थ, १ नोव्हेंबरला नोटीस दिली आणि कोणाचा आक्षेप आला नाही, तर डिसेंबरच्या सुरुवातीपासून जानेवारीअखेरपर्यंत लग्न लावता येईल. चंद्रपूर-गडचिरोलीच्या डोंगरांवर जाण्यासाठी नेमके हेच दिवस चांगले. पण पुण्या-मुंबईत राहणारे जोडपे शनिवार-रविवार चंद्रपूरला येऊन इथे कायदेशीर लग्न करू शकत नाही. त्यांनी आपल्या जिल्ह्यात नोंद करावी आणि समारंभापुरते इथे यावे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडोसारख्या राज्यात परवाना घेऊन जोडपे स्वतःचे लग्न स्वतःच लावू शकते, अधिकारी लागत नाही. तिथले व्हिडिओ पाहून इथे बेत आखणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवलेला बरा. आपल्याकडे दोघांनीच माथ्यावर हार घातले, तर फोटो मिळतो. पत्नीला वारसा आणि पोटगीच्या वेळी दाखवायला पुरावा मिळत नाही.

धार्मिक विधीने लग्न करायचे असेल तर?

हिंदू विवाह कायदा, १९५५ च्या कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू यांच्या रूढीतले विधी व्हावे लागतात. सप्तपदी हा त्यातला विधी असेल, तर सातवे पाऊल पडल्यावर लग्न पूर्ण होते. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका वैमानिक जोडप्याच्या प्रकरणात स्पष्ट केले, की विधी झालेच नसतील तर केवळ प्रमाणपत्रामुळे हिंदू विवाह वैध ठरत नाही. लग्न म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे नव्हे, असेही न्यायालयाने सुनावले.

सप्तपदी अग्नीभोवती होते आणि डोंगरावर अडचण नेमकी तिथे येते. भारतीय वन कायदा, १९२७ च्या कलम २६ नुसार राखीव वनात विनापरवानगी शिरणे आणि आग पेटवणे हा गुन्हा आहे. अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानात वन्यजीव संरक्षण कायदाही आग लावण्यास मनाई करतो. होमकुंड लहान असले तरी सुकलेल्या गवताला आणि सागाच्या पानोळ्याला एक ठिणगी पुरते. राज्यात १५ फेब्रुवारीपासून वणव्याचा हंगाम मानला जातो, तेव्हा तर ही जोखीम घेणे गैरच.

मार्ग सोपा आहे. होम आणि सप्तपदी घरी किंवा पायथ्याच्या मंदिरात करावी. महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्यानुसार ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत ९० दिवसांत नोंद करावी. माथ्यावर फक्त आशीर्वाद, हार आणि डबा न्यावा.

आदिवासी जोडप्यांचा प्रश्न वेगळा आहे. केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याखेरीज हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यांचे लग्न समाजाच्या रूढीने ठरते. रूढीने झालेले लग्न वैध असले, तरी वाद झाला की ती रूढी सिद्ध करावी लागते. म्हणून नोंद त्यांच्याही हिताची. विशेष विवाह कायद्याची वाट त्यांनाही खुली आहे.

कोणता डोंगर निवडायचा आणि तो कोणाचा?

नकाशावर रिकामा दिसणारा माथा प्रत्यक्षात रिकामा नसतो.

ताडोब्याचे उदाहरण घ्या. १९५५ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालेल्या या जंगलात प्रवेश कशासाठी द्यायचा, याची यादी वन्यजीव कायद्यात आहे. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन अशी कारणे तिच्यात आहेत, लग्नसमारंभ नाही. जिप्सीतून उतरून हार घालण्याचा विचारही नको.

नागभीड तालुक्यातला पेरजागड म्हणजे सातबहिणींचा डोंगर. तिथे भाविक आणि ट्रेकर दोघेही जातात. पण कड्यांना आग्या मोहोळांची पोळी असतात आणि मधमाश्यांच्या जीवघेण्या हल्ल्यांच्या बातम्या येऊन गेल्या आहेत. अत्तर, धूप, फटाके, ड्रोनचा आवाज यातले काहीही माश्यांना उठवू शकते. लग्नात नेमक्या याच गोष्टी असतात.

जिवती तालुक्यातला माणिकगड आणि गडचिरोलीच्या उत्तर भागातला, माथ्यावर तळे असलेला टिपागड हेही अनेकांच्या मनात येतील. दोन्हीकडे दाट जंगल आहे. गड म्हटला की दगड हलवू नयेत, भिंतीवर नावे रंगवू नयेत, हे सांगावे लागू नये, पण लागते.

एटापल्ली तालुक्यातले सुरजागड देशाला माहीत झाले ते लोहखनिजाच्या खाणीमुळे. इलाक्यातल्या गावांना ते ठाकूरदेवाचे ठाणे म्हणून माहीत आहे. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते. कोणाचे देवस्थान आपल्या फोटोची पार्श्वभूमी म्हणून वापरण्याआधी त्या माणसांना विचारले पाहिजे, हे सांगण्यासाठी वेगळा कायदा लागू नये.

तरीही कायदा आहे. वन हक्क कायदा, २००६ नुसार सामूहिक वन हक्क मिळालेल्या गावांत जंगलाचे रक्षण आणि व्यवस्थापन हा ग्रामसभेचा अधिकार आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये देशात सर्वप्रथम असा हक्क मिळालेल्या गावांत स्थान मिळाले. आज गडचिरोलीत अशी शेकडो गावे आहेत. त्यामुळे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचे पत्र मिळवले म्हणजे काम झाले, असे इथे होत नाही. ग्रामसभेलाही विचारायचे. ती नाही म्हणाली, तर तेही मान्य करायचे.

किती जण, केव्हा आणि काय न्यावे?

पंधरा-वीसच्या वर माणसे गेली की ते छोटे लग्न राहत नाही, जंगलात वरात होते. नोव्हेंबर ते जानेवारी हे महिने ठीक. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पार जातो आणि पावसाळ्यात माथ्यावर विजेचा धोका असतो. मोहफूल आणि तेंदूच्या दिवसांत, म्हणजे मार्च ते मे, गावकरी पहाटेपासून जंगलात असतात. तेव्हा पाहुण्यांची गर्दी त्यांच्या कामात अडथळा ठरते.

वाघाचा विषय इथे शोभेचा नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. जंगल ओळखणाऱ्या बायांवर ही वेळ येते, तिथे शहरातून आलेल्या वऱ्हाडाने पहाटेच्या अंधारात ‘सूर्योदयाचा मुहूर्त’ धरू नये. ऊन वर आल्यावर चढावे, तीन-चारच्या सुमारास उतरणीला लागावे. गावातला माहीतगार सोबत घ्यावा आणि त्याची मजुरी आधी ठरवावी. पोलीस पाटील, तसेच गडचिरोलीत जवळचे पोलीस मदत केंद्र, यांना आधी कळवावे. दुर्गम भागात मोबाइलला रेंज नसते, म्हणून जवळचे ग्रामीण रुग्णालय किती अंतरावर आहे हे निघण्यापूर्वी माहीत हवे.

अक्षता, प्लॅस्टिकच्या पाकळ्या, फुगे, थर्माकोल वर न्यायचे नाही. नेले ते सगळे खाली आणायचे. डीजे अर्थातच नाही. योसेमिटी, ग्रँड कॅन्यन यांसारख्या अमेरिकी राष्ट्रीय उद्यानांतही लग्नासाठी वेगळा परवाना लागतो आणि माणसांच्या संख्येवर मर्यादा असते.

घरच्यांचा विरोध असेल तर?

इथे डोंगर सर्वांत कमी उपयोगाचा. जीवाला धोका असलेल्या जोडप्याने एकांतातल्या माथ्यावर जाणे धोक्याचे आहे. तिथे रेंज नाही, साक्षीदार नाही, पळायला वाट नाही. आणि वर झालेल्या हार घालण्याला कायद्याचा आधार नाही. मुलीच्या वडिलांनी अपहरणाची तक्रार दिली, तर पोलीस पहिल्यांदा वयाचा दाखला आणि लग्नाचा कागद मागतील. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा पूर्ण असणे ही पहिली अट.

अडचण अशी, की कागद देणारी प्रक्रियाच अशा जोडप्यांना उघडे पाडते. विशेष विवाह कायद्याची नोटीस कार्यालयात सर्वांना दिसेल अशी लावली जाते. दोघांपैकी कोणाचा कायमचा पत्ता दुसऱ्या जिल्ह्यातला असेल, तर तिची प्रत तिथल्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते आणि तिथेही लागते. ज्या गावातून जोडपे निघाले, तिथेच त्यांचा पत्ता पोहोचतो. ३० दिवसांची ही मुदत हौशी जोडप्याला फक्त कंटाळवाणी वाटते. घरच्यांच्या धाकाने निघालेल्यांसाठी ती रोजची भीती असते.

देशात याचा विचार झालेला आहे. केरळ सरकारने जुलै २०२० मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस जाहीर करायची की नाही, हे जोडप्याच्या इच्छेवर सोडले. तो निकाल महाराष्ट्रात आपोआप लागू होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र मार्च २०१८ मध्ये ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात, सज्ञान व्यक्तींच्या लग्नात कुटुंबाला किंवा जातपंचायतीला आडवे येता येणार नाही, असे सांगून जिल्हानिहाय विशेष कक्ष, मदतवाहिनी आणि सुरक्षित निवारा यांबाबत निर्देश दिले. ते सगळ्या राज्यांना लागू आहेत. अशा जोडप्याने आधी पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून संरक्षण मागावे, संकटात ११२ वर फोन करावा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील घ्यावा. डोंगर कुठे जात नाही. तो वर्षभराने, पहिल्या वाढदिवसालाही चढता येतो.

प्रशासनाने काय करावे?

‘लग्ने भारतातच करा’ असे आवाहन पंतप्रधानांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये केले. त्याचा अर्थ फक्त राजस्थानातले महाल आणि गोव्यातले रिसॉर्ट असा घेण्याचे कारण नाही. दोन्ही जिल्ह्यांत तीन साध्या गोष्टी करता येण्याजोग्या आहेत.

पहिली, वन विभाग आणि ग्रामसभा यांनी मिळून मुख्य जंगलाबाहेरच्या, देवस्थान नसलेल्या काही मोजक्या जागा ठरवाव्यात. माणसांची मर्यादा, वेळ, आगीला बंदी आणि शुल्क एका पानावर मराठीत लिहावे. शुल्क ग्रामसभेच्या खात्यात जावे, जेवण गावच्या बचत गटाने करावे. हजार पानांच्या पंगतीच्या खर्चाचा छोटा हिस्सा गावात राहिला, तरी तो गावाला जाणवेल.

दुसरी, विवाह अधिकाऱ्यांनी कलम १२ मधली बाहेर लग्न लावण्याची सोय कागदावर ठेवू नये. महिन्यातून एक दिवस तालुक्याच्या गावी शिबिर घेतले, तर भामरागड किंवा जिवतीच्या जोडप्याला जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालावे लागणार नाहीत. रूढीने सोबत राहणाऱ्या, पण कागद नसलेल्या जोडप्यांनाही त्याचा उपयोग होईल.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, नोटिशीची माहिती घरापर्यंत पोहोचवण्याची पद्धत राज्याने बदलून घ्यावी. कायदा केंद्राचा असल्याने पूर्ण बदल संसदेच्या हाती आहे, पण मागणी राज्यातून व्हायला हवी. आक्षेप कायद्यातल्या कारणांवरच घेता येतो. वय, आधीचे लग्न, निषिद्ध नाते, संमती देण्याची मानसिक क्षमता एवढीच ती कारणे आहेत. ती कागदपत्रांवरून तपासता येतात. त्यासाठी सज्ञान मुलीचा पत्ता भिंतीवर लावण्याची गरज नाही.

सहा माणसांचे लग्न कायद्याला चालते. ते समाजालाही चालायला हवे आणि जंगलाला सोसायला हवे. नोटीस, ग्रामसभेची संमती आणि आगीशिवायचा समारंभ या तीन गोष्टी जमल्या, तर माथ्यावरचे ते दोन हार कर्ज काढून उभारलेल्या कोणत्याही मांडवापेक्षा उणे ठरत नाहीत.